गटाचे फोटो कुणाच्या फोनमध्ये?

बहुतेक गावांत रोवणे आटोपत आले असतील, काहींच्या बांधीत अजून चिखल सुरू असेल. हातातलं काम थांबवू नका, नुसतं कानानं ऐका. आज मी फोटोंबद्दल बोलणार आहे.

फोटोंबद्दल काय एवढं बोलायचं, असं कुणाला वाटेल. पण मी गटांच्या बैठकांना फिरते, तेव्हा कर्ज आणि व्याज यांच्या खालोखाल बाया जी अडचण सांगतात ती हीच. एक म्हणते, "ताई जी, मोबाईल भरला म्हणते, आता फोटू कुठं ठेवू?" दुसरी म्हणते, "मागच्या सालचे फोटो साहेबांनी मागितले. ते सचिव बाईच्या फोनमध्ये होते, तिनं तर फोनच बदलला." तिसरीची मुलगी राजनांदगावला दिलेली. तिला कार्यक्रमाचे फोटो बघायचे असतात, आणि एकेक करून पाठवता पाठवता आईचा दिवसाचा डेटा संपतो. दहा-बारा जणींच्या गटाचे फोटो सगळ्यांना बघता यावेत, हरवू नयेत आणि खर्चही झेपावा, यासाठी काय करायचं, एवढाच आजचा विषय आहे.

आधी हे बघू की गटाकडे फोटो जमतात तरी कशाकशाचे. ८ मार्चचा कार्यक्रम, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीनंतरची मंडई, कचारगडच्या जत्रेत लावलेला स्टॉल, हे झाले हौसेचे. पण नीट बघितलं तर हौसेपेक्षा कामाचेच फोटो जास्त असतात. प्रशिक्षणाला किती जणी बसल्या त्याचा फोटो. शेळ्या घेतल्या त्यांचा, शेड बांधला त्याचा. लाखोळीची डाळ, मोहफुलाचे लाडू, तांदळाचे पापड यांच्या पाकिटांचे. घरकुल मंजूर झालं तर आधी रिकाम्या जागेचा, मग पायाचा, मग वर चढलेल्या भिंतींचा. रोजगार हमीच्या कामावर तर १ जानेवारी २०२३ पासून हजेरीच मोबाईलवर फोटो काढून लागते. फोटो नाही तर हजेरी नाही, हे आता आपल्या आजीलाही माहीत झालं आहे. म्हणजे फोटो हा कागद झाला. सातबारा जसा कागद, पासबुक जसा कागद, तसा.

आपल्या गटांना पंचसूत्री पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं, दप्तर. माझं म्हणणं असं की गटाचे फोटो दप्तरातच मोडतात. आणि दप्तराबद्दल आपण किती काटेकोर असतो बघा. बँकेचं खातं एकीच्या नावावर नसतं, तिघींपैकी दोघींच्या सह्या लागतात. पेटी एकीच्या घरी तर किल्ली दुसरीच्या घरी. मग फोटोच तेवढे एका बाईच्या, आणि बऱ्याचदा तिच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनमध्ये का?

एका गटाची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही. त्या गटातल्या पाच जणींनी शेळ्या घेतल्या, विमा काढला, प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला मारला आणि बिल्ल्यासकट फोटोही काढले. चांगले स्पष्ट फोटो होते. सगळे कोषाध्यक्ष बाईंच्या फोनमध्ये. रोवण्याच्या दिवसांत तो फोन बांधीतल्या पाण्यात पडला आणि गेला तो गेलाच. पुढे दोन शेळ्या मेल्या. विम्याच्या कागदांसाठी फोटो हवे झाले. धावाधाव केल्यावर कळलं की हेच फोटो कोषाध्यक्ष बाईंनी नागपूरच्या सुनेला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. सुनेनं परत पाठवले. शेळी दिसत होती, शेळीशेजारी उभी बाई दिसत होती, पण कानातल्या बिल्ल्याचा नंबर काही वाचता येईना. मोठा करून पाहिला की नुसते पिवळे चौकोन. नशिबानं मेलेल्या शेळीचा बिल्ला काढून ठेवला होता, म्हणून निभावलं. पण तीन महिने फाईल तिथेच पडून होती, आणि त्या तीन महिन्यांत कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत.

तो नंबर का वाचता आला नाही, हे समजून घेतलं की अर्धं काम झालं. आपल्या साध्या अँड्रॉइड फोनवर काढलेला फोटो साधारण तीन ते चार एमबीचा असतो. व्हॉट्सॲपवर तो आपण नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून लहान करतं, काही शे केबीवर आणतं. डेटा वाचतो, फोटो चटकन जातो. चेहरा ओळखायला तेवढं पुरतं. पण बिल्ल्याचा नंबर, पावतीवरचा आकडा, पाकिटावरचं बारीक लेबल यांना ते पुरत नाही. एक कोसभर लांबून पाटी वाचावी तसं होतं. २०२३ पासून व्हॉट्सॲपनं एचडीचं बटण दिलं आहे. फोटो निवडल्यावर, पाठवण्याआधी वरच्या बाजूला एचडी लिहिलेलं दिसतं, ते दाबलं की फोटो बराच स्पष्ट जातो. आणि अगदी जसाच्या तसा पाठवायचा असेल तर पिनेच्या चिन्हावर जाऊन फोटो म्हणून न निवडता डॉक्युमेंट म्हणून निवडायचा. नंबराचा, कागदाचा, मालाचा फोटो असेल तर हीच रीत ठेवा.

व्हॉट्सॲप वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आपल्या जिल्ह्यात, देवरीपासून तिरोड्यापर्यंत, ज्या बाईला अक्षर ओळख जेमतेम आहे तीसुद्धा व्हॉट्सॲपवर फोटो बघते, आवाज रेकॉर्ड करून पाठवते. वापरायला याच्याहून सोपं दुसरं काही मला अजून दिसलेलं नाही. "उद्या अकरा वाजता बैठक" हा निरोप आणि कालच्या कार्यक्रमाचे दहा फोटो, यासाठी तेच चांगलं. पण ते आहे चावडी. चावडीवर बातमी कळते, चावडीवर कुणी कागद ठेवून येत नाही. नवीन बाई गटात आली की मागचे सगळे फोटो तिला दिसत नाहीत. कुणी दोन-चार महिने एखादा फोटो उघडलाच नाही, तर नंतर तो उघडतही नाही, पाठवणारीला पुन्हा पाठवायला सांगा असं उत्तर येतं. ज्या बाईनं पाठवला तिचा फोन गेलेला असला तर सांगायचं कुणाला? शिवाय गुड मॉर्निंगची फुलं, देवांचे फोटो आणि नातेवाइकांचे वाढदिवस यांच्या ढिगात शेळीचा फोटो शोधायचा म्हणजे तणसाच्या ढिगात सुई.

मोबाईल भरतो तोही याच ढिगानं. गटातल्या प्रत्येक बाईच्या फोनमध्ये तोच फोटो, बारा फोनमध्ये बारा वेळा. यावर एक छोटा उपाय आहे, आज संध्याकाळीच करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज आणि डेटा असं लिहिलेलं आहे, त्यात मीडिया ऑटो डाउनलोड बंद करायचं. मग जो फोटो तुम्ही बोटानं उघडाल तेवढाच फोनमध्ये उतरेल. एवढ्यानं महिन्याचा बराच डेटाही वाचतो.

आता ठेवायचं कुठं? इथे बाया मला विचारतात, "फुकटचं काय आहे ते सांगा." फुकट पुष्कळ आहे, पण फुकटाची खात्री नसते. माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही मैत्रिणी ऑर्कुटवर फोटो टाकायचो, ते ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. फोनमधून फोनमध्ये फोटो द्यायला सगळ्या गावात शेअरइट वापरायचे, त्यावर २९ जून २०२० ला सरकारनं बंदी घातली, टिकटॉकबरोबरच. गुगल फोटोज आधी थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवू द्यायचं, १ जून २०२१ पासून तेही मोजून घ्यायला लागलं. म्हणून कोणतंही ॲप निवडताना मी दोन गोष्टी बघते. उद्या ते बंद झालं तर आपले फोटो सगळे एकदम बाहेर काढता येतील का? आणि गटातल्या सर्वांत कमी शिकलेल्या बाईला ते उघडता येईल का? बाकीचे गुण कितीही असोत, या दोन्हींत नापास झालेलं ॲप गटाच्या कामाचं नाही.

या हिशेबानं आज आपल्यासारख्या गटाला गुगल फोटोज परवडतं, असं माझं मत झालं आहे. कारण साधं आहे, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासून असतंच, नवीन काही उतरवून घ्यावं लागत नाही. प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. त्यात ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. चार एमबीचा एक फोटो धरला तर चार हजारांच्या आसपास फोटो बसतात. गटानं महिन्याला निवडून पन्नास फोटो ठेवले तर वर्षाला सहाशे, म्हणजे सहा वर्षं पुरेल. "निवडून" म्हणाले, ते लक्षात घ्या. एकाच फीत कापण्याचे सतरा फोटो ठेवायचे नसतात. आणि व्हिडिओ जपून. एका मिनिटाचा चांगला व्हिडिओ पंचवीस-तीस फोटोंची जागा खातो.

मात्र हे खातं कुणाच्याही घरचं नको. गटाच्या नावानं नवीन जीमेल खातं उघडा. ज्या तिघींच्या सह्या बँकेत आहेत त्यांनी एकत्र बसून उघडा. पासवर्ड एका कागदावर लिहून, कागद लिफाफ्यात बंद करून, लिफाफा गटाच्या पेटीत. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते ठराव वहीत लिहा, कारण पासवर्ड विसरला तर ओटीपी त्याच नंबरावर जाणार. पदाधिकारी बदलले की बँकेत जाऊन आपण नमुना सही बदलतो ना, त्याच आठवड्यात हा नंबरही बदलायचा आणि पासवर्डही. जुनी सचिव वाईट म्हणून नाही. ती उद्या लेकाकडे पुण्याला गेली, सिम बंद केलं, तर आपलं खातं कुलूपबंद. अजून एक, दोन वर्षं ज्या खात्याला कुणी हातच लावत नाही ते गुगल बंद करून पुसून टाकू शकतं. तसा नियमच आहे. म्हणून महिन्याच्या बैठकीत एकदा ते खातं उघडायचंच.

अल्बम बनवायचा कसा, हे रेडिओवर बोट धरून दाखवता येणार नाही, पण गावातली बारावीची कोणतीही मुलगी दहा मिनिटांत दाखवेल. एका कार्यक्रमाचा एक अल्बम. त्याला नाव द्यायचं, समजा "शेळी शेड, जून". मग शेअर करून लिंक तयार करायची आणि ती लिंक व्हॉट्सॲपच्या गटात टाकायची. ज्यांना फक्त बघायचं आहे त्यांना जीमेल खातंही लागत नाही, लिंकवर बोट ठेवलं की फोटो दिसतात. राजनांदगावच्या मुलीला शंभर फोटो पाठवायचे तर शंभर वेळा पाठवणं नाही, एक ओळ पाठवायची. चार जणींनी काढलेले फोटो एकाच अल्बममध्ये टाकायचे असतील तर त्या चौघींकडे मात्र खातं हवं. इथे एक गोम आहे. ज्या बाईनं स्वतःच्या खात्यातून फोटो टाकला, तिनं आपल्या फोनची जागा करण्यासाठी तो पुढे तिच्या गुगल फोटोजमधून पुसला की अल्बममधूनही जातो. म्हणून महत्त्वाचा फोटो गटाच्या खात्यात उतरवून घेतला की नाही, हे सचिवानं बघावं.

ग्रामसंघ मोठा असेल, त्यात पंधरा गट असतील, तर १५ जीबी लवकर भरेल. मग गुगलची १०० जीबी जागा विकत घ्यावी लागते, तिला महिन्याला १३० रुपये किंवा वर्षाला १३०० रुपये पडतात. पंधरा गटांत वाटले तर एका गटाला वर्षाचे ८७ रुपये. एका गटाला एकटीनं घ्यायचं तर दहा सभासदांत प्रत्येकीला वर्षाला १३०. माझा सल्ला विचाराल तर लगेच घेऊ नका. आधी फुकटच्या जागेत दोन वर्षं शिस्त लावा. कचरा साठवायला पैसे भरण्यात अर्थ नाही.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या जंगलातल्या गावांतल्या मैत्रिणी आता म्हणत असतील, ताई, आमच्याकडे फोन लावायला झाडाखाली जावं लागतं आणि तुम्ही अल्बम सांगता. तुमचं खरं आहे. तुमच्यासाठी वेगळी रीत. अँड्रॉइड फोनमध्ये क्विक शेअर नावाची सोय आहे, नेट लागत नाही, डेटा जात नाही. दोन फोन जवळजवळ ठेवले की एकातून दुसऱ्यात फोटो जसाच्या तसा जातो, लहान न होता. बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं काढायची, ज्या ज्या बाईनं महिन्यात गटाचे फोटो काढले असतील तिनं ते सचिवाच्या फोनमध्ये द्यायचे. आणि कुणीतरी तालुक्याला बँकेच्या कामाला जातेच, तिथे नेटवर्क बरं असतं, तिथून ते गटाच्या खात्यात चढवायचे. महिन्यातून एकदा झालं तरी पुरे. पन्नास फोटो चढवायला दोनशे एमबी लागतात, रोज दीड जीबी मिळणाऱ्या रिचार्जमध्ये हा खर्च जाणवतही नाही.

आता थोडं अवघड बोलते. एका गटात एक बाई आहे. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून ती दोन लेकरांना घेऊन माहेरापासूनही लांब, वेगळ्या गावात राहायला आली. गटात आली, बचत करायला लागली, शिलाईचं काम घेतलं. ती कुठं राहते हे नवऱ्याला माहीत नव्हतं. गटानं ८ मार्चचा फोटो काढला, छान काढला, मागे ग्रामपंचायतीची पाटी, पाटीवर गावाचं नाव. फोटो गटात आला, गटातून कुणाच्या तरी स्टेटसला, स्टेटसवरून नातेवाइकांत. तीन दिवसांत नवरा दारात. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, प्रत्येकीनं आनंदानंच तो फोटो पुढे पाठवला होता. गटातल्या बाया त्या दिवशी तिच्या दारासमोर बसून राहिल्या, ११२ ला फोन केला, तो निघून गेला. पण ती पुढचे दोन महिने बैठकीला आली नाही. आता येते, फोटो काढताना बाजूला उभी राहते आणि तिला कुणी ओढत नाही.

त्या गटानं नंतर ठराव केला, तो मला फार आवडला, म्हणून जवळजवळ त्यांच्याच शब्दांत सांगते. फोटो काढण्याआधी विचारायचं, "कुणाला फोटोत यायचं नाही?" असं उलटं विचारायचं. "कुणाला यायचं आहे?" असं विचारलं तर लाजरी बाई गप्प बसते आणि गप्प बसली म्हणजे हो, असं आपण धरतो. जिला यायचं नाही तिला कारण विचारायचं नाही. आणि गटातला फोटो स्टेटसला किंवा फेसबुकला टाकायचा असेल तर आधी गटात विचारायचं. लेकरांच्या बाबतीत त्यांच्या आईला विचारायचं, अंगणवाडीतल्या कुपोषित लेकराचा फोटो तर कुठेच टाकायचा नाही. आजारी माणूस, कर्ज थकलेलं घर, भांडण, यांचे फोटो काढायचेच नाहीत.

अल्बमच्या लिंकलाही हेच लागू आहे. लिंक म्हणजे घराची किल्ली आहे, ज्याच्या हातात पडेल तो उघडू शकतो. म्हणून ज्या फोटोत सभासदांचे चेहरे आहेत तो अल्बम वेगळा, विक्रीच्या मालाचा अल्बम वेगळा. चेहऱ्यांच्या अल्बमची लिंक आठ-दहा दिवसांनी, सगळ्यांनी बघून झालं की बंद करता येते, शेअरिंगच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. फोटोबरोबर तो कुठे काढला त्याचं ठिकाणही आत लपून जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की नवीन फोटोत ते येत नाही. घरकुलाच्या किंवा कामाच्या फोटोला ठिकाण लागतं, ते फोटो त्या त्या सरकारी ॲपमधूनच काढले जातात, त्याची काळजी नको. पण मघाशी जी डॉक्युमेंट म्हणून पाठवायची रीत सांगितली, त्यात हे ठिकाण तसंच्या तसं पुढे जातं, एवढं ध्यानात असू द्या.

आणि आधार कार्ड! २०२४ च्या जुलैत लाडक्या बहिणीचे फॉर्म भरणं सुरू होतं, तेव्हा गटागटांत आधार आणि पासबुकाच्या फोटोंचा पूर आला होता. अजूनही ते तिथेच पडून आहेत, तीस-चाळीस जणींच्या फोनमध्ये. आज वेळ काढून आपापले पाठवलेले शोधा आणि पुसायला सांगा. आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडे सोडून बाकीचे झाकलेलं आधार मिळतं, आधारच्याच वेबसाइटवरून निघतं, ते द्या, तेही ज्याला हवं त्याच्या एकट्याच्या नंबरावर. फोटो बघा म्हणून किंवा लग्नपत्रिका म्हणून एखादी फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी एपीके असेल, तर ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. तो फोटो नसतो, ते ॲप असतं आणि ते बँकेचे ओटीपी वाचतं. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करायचा. आपल्या फोटोचा कुणी घाणेरडा वापर केला तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, बायांच्या आणि लेकरांच्या तक्रारीत नाव न सांगताही.

फेसबुकचं पान गटानं काढावं का? माल विकायचा असेल तर जरूर काढा, पण ती दुकानाची पाटी समजा. तिथे पापड दिसू द्या, पाकीट दिसू द्या, वजन आणि किंमत दिसू द्या. मोहफुलाच्या लाडवाचा फोटो घरातल्या पिवळ्या बल्बखाली काढू नका, सकाळी ओसरीत उजेडात, खाली पांढरा कपडा टाकून काढा. गिऱ्हाईक चव बघू शकत नाही, डोळ्यांनीच खातं.

फोटो बायांच्या हातात आले की काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. ते आपल्याकडचं नाही, चीनमधलं आहे, पण तिथल्या बायाही आपल्यासारख्याच धानाच्या बांधीत राबणाऱ्या. १९९२ साली युन्नान प्रांतात कॅरोलिन वँग आणि मेरी ॲन बरिस या दोघी अभ्यासक बायांनी ६२ खेड्यातल्या बायांना कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमच्या रोजच्या जगण्याचे फोटो काढा. कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी काढले, मग एकत्र बसून एकेका फोटोवर बोलल्या, आणि ते अधिकाऱ्यांपुढे ठेवले. आई कामात आणि तान्हं लेकरू शेतात एकटं, असे फोटो होते. त्यातून लहान मुलांना सांभाळायची सोय, सुईणींचं प्रशिक्षण, मुलींना शिकायला मदत, असे निर्णय झाले. त्यांच्या हातातला कॅमेरा आपल्या हातातल्या फोनपेक्षा साधाच होता.

आपल्याकडे अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या बायांनी जुन्या तलावांत उतरून बेशरमाची झुडपं उपटली, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. अशा कामात एकाच पाळीवर उभं राहून, एकाच दिशेनं, दरवर्षी त्याच महिन्यात काढलेला फोटो किती बोलतो विचार करा. पहिल्या साली बेशरमच बेशरम, तिसऱ्या साली मोकळं पाणी. तोंडानं सांगितलेलं "सुधारलं" कुणी मानेल, कुणी मानणार नाही. म्हणून अल्बमला नाव देताना तारीख, गाव आणि काम या तीन गोष्टी लिहाच. नुसतं "फोटो १" लिहिलेला अल्बम दोन वर्षांनी आपल्यालाच ओळखू येत नाही.

आता ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांचं काय? प्रत्येक गटात एक-दोन आजी असतात, बचत सर्वांत आधी त्यांचीच येते आणि फोटो मात्र त्यांना कुणी दाखवत नाही. वर्षातून एकदा पाच-सहा चांगले फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणा, एकेक दहा-पंधरा रुपयांत होतो. गटाच्या खर्चातून करा, किरकोळ खर्चात लिहा, लेखापरीक्षणात कुणी अडवणार नाही. आणि त्याच वेळी वर्षभराचे सगळे फोटो एका पेन ड्राइव्हमध्ये भरून घ्या. खातं उद्या उघडलं नाही तरी पेटीत एक प्रत राहते. पेन ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, पावसाळ्यात आपल्या पेट्यांना ओल येते.

तर पुढच्या बैठकीला सचिव बाईंनी फोन चार्ज करून आणायचा आणि ठराव वहीचं एक कोरं पान उघडायचं. त्यावर खात्याचं नाव, जोडलेला मोबाईल नंबर, तो कुणाचा, लिफाफा कोणत्या पेटीत, किल्ली कुणाकडे, आणि फोटोत यायचं नाही असं ज्यांनी सांगितलं त्यांच्यासाठी गटानं काय ठरवलं, एवढं लिहायचं. त्यांची नावं मात्र लिहायची नाहीत. खाली तिघींच्या सह्या. काही अडलं तर तुमच्या गावात बैठकीला येणाऱ्या ताईला विचारा, नाहीतर ती बारावीची मुलगी आहेच. नमस्कार.